एक ऑक्टोबरची गर्दी

एक ऑक्टोबरच्या संध्याकाळी बंड नावाच्या नदीकाठावर जाऊ नये, हे शांघायमध्ये वाढलेला कुणीही सांगतो. माझ्या ऑफिसातल्या बायका आठवडाभर तेच सांगत होत्या. हुआंगपू नदीचा तो काठ वर्षभर तिथेच असतो, दिवेही रोज लागतात, मग नेमकं चीनच्या राष्ट्रीय दिनालाच तिथे चेंगरायला कशाला जायचं, असा त्यांचा सरळ सवाल. त्यातली एक जन्मापासून नदीपासून दोन स्टेशनांवर राहते. एक ऑक्टोबरच्या रात्री ती कधी तिकडे फिरकलेली नाही. "टीव्हीवर दिसतं की सगळं," म्हणाली.

मीही गेले नसते. पण आई-बाबा डोंबिवलीहून आले होते, आणि बाबांची अख्खी नोकरी मध्य रेल्वेत गेली, त्यातला मोठा काळ परळ-दादर पट्ट्यात. बागा, देवळं, संग्रहालयं हे सगळं ते आईच्या समाधानासाठी बघतात. मी जेवताना सहज सांगितलं, की त्या रात्री बंडवर लाखोंनी माणसं येतात, मेट्रोचं स्टेशन बंद ठेवतात, रस्ता ओलांडायलाही जवान उभे करतात. बाबांनी ताटातून मान वर काढली. "मग तेच बघू," म्हणाले. आई म्हणाली, "जन्मभर गर्दीच बघितलीत ना? अजून हौस फिटली नाही?" पण दिवे तिलाही बघायचे होते.

२०२५ साली सगळ्या तारखा एकमेकींवर आल्या होत्या. चीनमधली ऑक्टोबरची मोठी सुट्टी १९९९पासून सुरू झाली. एरवी ती सात दिवसांची, पण त्या वर्षी त्यांचा शरद पौर्णिमेचा सण सहा तारखेला आल्याने आठ दिवसांची झाली. सुट्टी म्हणजे फुकट मिळते असं मात्र नाही. अठ्ठावीस सप्टेंबरच्या रविवारी आम्ही सगळे ऑफिसात होतो आणि अकरा ऑक्टोबरच्या शनिवारीही जायचं होतं. आईच्या कालनिर्णयात एक तारखेला खंडेनवमी, दोनला दसरा, सहाला कोजागिरी. तिचे नऊ दिवसांचे उपवास चालू होते, त्यामुळे बाहेर काय खायचं हा प्रश्न निघायच्या आधीच निकालात निघाला होता. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि केळी तिच्या पिशवीत होती.

आम्ही पुडोंगला, म्हणजे नदीच्या पूर्वेला राहतो. मेट्रोची दोन नंबरची लाइन नदीखालून पलीकडे जाते: लुजियाझुई, मग नानजिंग ईस्ट रोड, मग पीपल्स स्क्वेअर. बंडला सगळ्यात जवळचं स्टेशन अर्थातच मधलं. आणि सुट्टीच्या संध्याकाळी नेमकं तेच बंद ठेवतात. गाड्या चालू असतात, फक्त तिथे थांबत नाहीत.

संध्याकाळी पाचच्या सुमारास निघालो. स्टेशनात शिरताना नेहमीप्रमाणे पिशव्या मशिनमधून गेल्या. आईच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून तिथल्या पोराने एक घोट पिऊन दाखवायला सांगितलं. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तोच जरा ओशाळला. डब्यात खच्चून गर्दी होती, पण आवाज कमी. गालावर लाल झेंड्याचे स्टिकर लावलेली पोरं, हातात कागदी झेंडे, चाकांच्या बॅगा घेतलेली बाहेरगावची कुटुंबं. एका मुलाने उठून आईला जागा दिली. बाबांनाही देत होता, पण बाबा दाराशीच उभे राहिले. गाडीत ते कधी बसत नाहीत, रिकामी असली तरी.

नानजिंग ईस्ट रोड आलं तेव्हा गाडीचा वेग उतरला, पण ती थांबली नाही. काचेच्या दारांपलीकडे अख्खा फलाट लख्ख उजळलेला आणि रिकामा. दोन-तीन कर्मचारी पाठीमागे हात बांधून उभे. सेकंदाभरात तो मागे गेला. बाबा काचेला नाक लावून बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गर्दी फलाटावर उतरली की मग काही करता येत नाही. वर जिना, खाली गाडी, मध्ये माणूस. उतरूच द्यायची नाही."

मग पीपल्स स्क्वेअरपर्यंत मला सहा डिसेंबरच्या दादरबद्दल ऐकायला मिळालं. चैत्यभूमीला येणारी लाखो माणसं, जादा गाड्या, कुठला जिना चढायचा आणि कुठला उतरायचा हे दोरीने आणि घसा बसेपर्यंत ओरडून सांगणारे कर्मचारी. "ती गर्दी शहाणी असते," बाबा म्हणतात नेहमी. "श्रद्धेने आलेली. तिला नीट सांगितलं की ती ऐकते. वाईट गर्दी रोजची."

पीपल्स स्क्वेअर हे तीन लाइनींचं स्टेशन आहे. बाहेर पडायच्या वाटा इतक्या, की राहणारेही चुकतात. त्या दिवशी मात्र चुकायची सोय नव्हती. बॅरिकेड लावून एकच वाट मोकळी ठेवलेली आणि दर दहा पावलांवर कुणीतरी हात पुढे करून उभं. आईला आधी बाथरूमला जायचं होतं. बायकांची रांग स्टेशनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. तिथे आमचा बराच वेळ गेला. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी ही वेळ हिशेबात धरावीच, कारण पुढे नदीपर्यंत सोय जवळपास नाही आणि जी आहे तिच्यापर्यंत पोचणं अवघड.

नानजिंग रस्ता हा शांघायचा जुना बाजाररस्ता. १९९९मध्ये तो गाड्यांना बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला, २०२०मध्ये तो भाग आणखी पूर्वेला, पार नदीजवळपर्यंत वाढवला. दोन्ही बाजूंना उभ्या पाट्यांचे निऑन दिवे, मधोमध छोटी खेळण्यातली वाटावी अशी पर्यटकांची गाडी, ती त्या दिवशी अर्थातच बंद. अंधार पडत होता. हवा दमट. आणि माणसं. रुंद रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेला, सगळे एकाच दिशेने चाललेले.

मिठाईच्या जुन्या दुकानांपुढे रांगा होत्या. शांघायमध्ये पौर्णिमेच्या आधी डुकराच्या खिम्याचे गरम मूनकेक मिळतात. वरचं कवच इतकं खुसखुशीत की पहिल्या घासालाच अर्धं शर्टावर सांडतं, आतला रस जीभ भाजतो. एरवी मी त्या रांगेत सगळ्यात पुढे. नवमीच्या दिवशी आईसमोर विचारायचीही हिंमत झाली नाही. लाल चवळीचं गोड सारण भरलेले असतात, ते तरी घेऊ म्हटलं, तर त्याच्या पिठातही बहुतेक वेळा चरबी असते. शेवटी भाजलेल्या चेस्टनटची पिशवी घेतली. मोठ्या कढईत काळ्याभोर वाळूबरोबर साखर घालून ते परततात. साखर जळून वाळूला आणि सालांना चकाकी येते, आणि वास अर्ध्या गल्लीला लागतो. साल आधीच चिरलेलं असतं, अंगठ्याने दाबलं की आतला पिवळा गर अख्खा निघतो. आईने एक हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"झाडावरचं ना? धान्य नाही?"

"झाडावरचं."

"मग शिंगाडा चालतो तर हे का चालू नये," असं स्वतःशीच म्हणून तिने तोंडात टाकला, आणि पुढच्या तासाभरात निम्मी पिशवी तिनेच संपवली.

हनान रस्त्याचा चौक आला तिथे गर्दी अडली. मला माहीत होतं काय आहे ते, पण बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. या चौकात आडव्या रस्त्यावरून गाड्या चालू असतात. फुटपाथच्या कडेला हिरव्या गणवेशातले निमलष्करी दलाचे जवान खांद्याला खांदा लावून उभे होते, सगळे विशी-बाविशीतले, चेहरे समोर, नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे. त्यांच्यात आणि पहिल्या रांगेत हातभर अंतर. सिग्नल लाल होता. शिट्टी वाजली. सिग्नल हिरवा झाला, आणि ती आडवी रांग मधोमध फुटली. निम्मे जवान डावीकडे, निम्मे उजवीकडे पळाले, आणि रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांच्या दोन्ही कडांना दोन सरळ ओळी करून उभे राहिले. मधून आम्ही चाललो. पलीकडे पोचलो तोवर पुन्हा शिट्टी. मागे वळून बघितलं, तर दोन्ही ओळी पळत परत जाऊन मिटल्या होत्या. ज्या बाईच्या पुढ्यात रांग मिटली तिचा नवरा अलीकडे आला होता, ती पलीकडे राहिली. दोघे एकमेकांना हात करून हसत होते.

"फाटक आहे हे," बाबा म्हणाले. "माणसांचं फाटक."

ते तिथेच थांबून आणखी एक फेरी बघणार होते. पण थांबू देत नाहीत. हाच त्या रात्रीचा पहिला आणि शेवटचा नियम: थांबायचं नाही. कर्णे सारखे सांगत असतात, पुढे चला, उभे राहू नका. फोटो काढायला कुणी वळलं की एक हात येतो, अंगाला न लागता दिशा दाखवतो. बाबा पाच-सहा पावलं उलटे चालले आणि ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत राहिले. किती सेकंद उघडं, किती बंद, एका वेळी किती माणसं सुटली, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. मी विसरले.

हे फाटक पूर्वी नव्हतं. म्हणजे इतकं कडक नव्हतं. ते कडक झालं २०१४च्या शेवटच्या रात्रीपासून. नव्या वर्षाच्या स्वागताचा दिव्यांचा कार्यक्रम आधीची काही वर्षं बंडवर व्हायचा. त्या वर्षी तो रद्द करून जवळच्याच, नावातही साम्य असलेल्या एका छोट्या जागी मोजक्या तिकिटांवर ठेवला. लोकांपर्यंत ते नीट पोचलंच नाही. तीन लाखांच्या आसपास माणसं नेहमीप्रमाणे नदीकाठी आली, कार्यक्रम नाही म्हणून बंदोबस्त मात्र फारच कमी. रात्री साडेअकरानंतर, चेन यी चौकातून काठावरच्या उंच फरसबंदीकडे जाणाऱ्या जिन्यावर, वर चढणारे आणि खाली उतरणारे समोरासमोर आले. कुणालाच मागे सरता येईना. ३६ माणसं गेली. बहुतेक विशी-पंचविशीची, त्यांत मुली जास्त. पुढच्या महिन्यात चौकशी अहवाल आला, त्या भागाच्या बड्या अधिकाऱ्यांना पदावरून काढलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बंडवर जिने एकमार्गी आहेत, गर्दीचं मोजमाप सतत चालू असतं, आणि आकडा वर गेला की पाठीमागची फाटकं जास्त वेळ बंद राहतात.

नानजिंग रस्ता संपतो तिथे समोर चेन यी चौकच येतो. चेन यी हे १९४९च्या मे महिन्यात शांघाय जिंकणाऱ्या फौजेचे सेनापती आणि नंतर शहराचे पहिले कम्युनिस्ट महापौर. त्यांचा पुतळा तिथे उभा आहे. आम्हाला शेवटच्या फाटकातून सोडलं, नदीलगतचा रुंद रस्ता ओलांडला, आणि समोर तो जिना. जिना म्हणण्यासारखा फार मोठा नाही. रुंद, बुटक्या पायऱ्यांचा, थोडक्यात संपणारा. दोन्ही कडांना पोलीस, मध्ये कठडे, आणि सगळी पावलं फक्त वर जाणारी.

मी बाबांना सांगितलं, इथेच. ते पायऱ्यांकडे बघत राहिले. मला कळलं ते कुठे पोचले होते. तेही खंडेनवमीलाच झालं होतं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणारा पूल. अचानक पाऊस आला, छत्री नसलेले लोक जिन्याच्या तोंडाशी आडोशाला थांबले, पाठोपाठ गाड्या लागल्या, मागून माणसं येत राहिली आणि पुढची उतरेनात. २३ गेले. बाबा तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण तो पूल त्यांनी नोकरीभर रोज चढला-उतरला होता. त्या दिवशी ते दुपारी जेवले नव्हते, एवढं मला आठवतं. नंतर लष्कराने तिथे नवा पूल उभारला, २०१८मध्ये तो खुला झाला, स्टेशनाचं नावही बदलून प्रभादेवी झालं.

"दोन्हीकडे जिनाच," बाबा म्हणाले. "सपाटीवर माणूस माणसाला सांभाळून घेतो. जिन्यावर नाही."

मागून कर्णा ओरडला. आम्ही वर चढलो.

वरची फरसबंदी म्हणजे खरं तर नदीच्या पुराला अडवणारी भिंत. तिच्या माथ्यावर दीड किलोमीटरभर चालायची जागा केली आहे. २०१०च्या जागतिक प्रदर्शनाआधी हा सगळा काठ नव्याने बांधला, वाहनांचा मोठा भाग जमिनीखालच्या बोगद्यात घातला. म्हणून आज माणसांना इतकी जागा आहे. समोर पुडोंग. ते वर्णन किती करायचं? ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल टॉवर, गुलाबी आणि जांभळा. मागे तीन उंच इमारती, त्यांतला ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, त्याचा शेंडा त्या दिवशी धुरकट हवेत गेला होता. सगळ्या भिंतींवर लाल रंग, सरकणारी अक्षरं, तारे. नदीत दिव्यांनी मढवलेल्या बोटी. आईने हात जोडले, कशाला ते तिलाच माहीत. पाचेक मिनिटं कठड्याजवळ जागा मिळाली, तेवढी पुरली. फोटो पाठवायला गेले तर फोन नुसता गोल फिरत राहिला. एवढ्या माणसांचे एवढे फोन एकाच वेळी तेच करत होते.

मला स्वतःला त्या काठावर पुडोंगकडे पाठ करून उभं राहायला जास्त आवडतं. जुन्या दगडी इमारतींची रांग त्या बाजूला आहे, सोनेरी दिव्यांत, प्रत्येकीच्या माथ्यावर लाल झेंडा. १९२३ची बँकेची घुमटवाली इमारत, तिच्या शेजारी १९२७चं कस्टम हाउस, त्याच्या मनोऱ्यावर मोठं घड्याळ. आणि नानजिंग रस्त्याच्या कोपऱ्यावर हिरव्या पिरॅमिडच्या छपराचं पीस हॉटेल. मी आईला म्हटलं, ही इमारत तुझ्या ओळखीच्या माणसांची आहे.

आई पुण्याची, रास्ता पेठेतली. जन्म ससूनमधला. हे हॉटेल १९२९मध्ये बांधलं व्हिक्टर ससूनने, आणि तेव्हा त्या इमारतीचं नावच ससून हाउस होतं. ज्या डेव्हिड ससूनच्या देणगीतून पुण्याचं इस्पितळ उभं राहिलं, त्याचा हा पणतू. बगदादहून मुंबईत आलेलं ज्यू कुटुंब, मुंबईत कापूस आणि अफूच्या व्यापारात गब्बर झालेलं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांनी चीनला जायची. डेव्हिडचा मुलगा इलायस १८४०च्या दशकातच त्या धंद्यासाठी इकडे आला. मुंबईचा ससून डॉक, काळा घोड्याचं वाचनालय, पुण्यातलं लाल देऊळ जिथे डेव्हिड ससूनची कबर आहे, आणि समोरचं हे हिरवं छप्पर, सगळं एकाच घराण्याच्या हिशेबाच्या वहीतलं. त्या वहीत अफूचं पान मोठं आहे, हे पुण्यात फारसं कुणी बोलत नाही. चीनमधल्या शाळेतल्या पोराला ते पाठ असतं.

"म्हणजे माझ्या जन्माच्या खाटेचे पैसे इथून आले?" आईने विचारलं.

"काही तरी आलेच असतील."

ती थोडा वेळ त्या छपराकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "गुडघा दुखतोय. बसायला कुठे आहे?"

बसायला कुठेही नव्हतं. बाकं बॅरिकेडच्या पलीकडे, आणि कठड्याला टेकलं तरी लगेच हात येतो. इथे माझा त्या व्यवस्थेवर पहिला राग. लाखोंची सोय करणाऱ्यांना सत्तरीच्या बाईचा गुडघा सुचत नाही. एका पोलीस मुलीला मी चिनी भाषेत सांगितलं, आई दमली आहे, दोन मिनिटं बसू दे. तिने इकडेतिकडे बघितलं, कानातल्या यंत्रात काहीतरी बोलली, आणि स्वतःच्या प्लॅस्टिकच्या स्टुलाकडे बोट केलं. बहुधा तिला मिळालेल्या विश्रांतीचा तो स्टूल असावा. आई बसली, लाडू काढला, अर्धा तिच्यापुढे धरला. तिने मान हलवून नको म्हटलं, पण हसली. बाबा तेवढ्यात तिच्या बॅरिकेडच्या खालच्या वजनाच्या पेट्या पायाने ढकलून बघत होते.

परतीची वाट निराळी. ज्या रस्त्याने आलो त्याने परत जाऊच देत नाहीत. तो फक्त येणाऱ्यांसाठी. आम्ही उत्तरेकडे चालत राहिलो, वायबायदू पुलाच्या दिशेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, जाडजूड लोखंडी पूल, सूचौ खाडी हुआंगपूला मिळते तिथे. बाबा त्याच्या रिव्हेटांवर हात फिरवत चालले. परकीयांची सत्ता होती त्या काळात या भागात रहदारी सांभाळायला पंजाबातून आणलेले शीख पोलीस असायचे. तो किस्सा मी सांगायला घेतला, पण बाबा दुसऱ्याच विचारात होते.

"दादरला हे का नाही जमत, असं तू विचारशील," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "पोरं नाहीत म्हणून नाही. पोलीस आपल्याकडेही उभे करतात. पण इथे आलेला प्रत्येक माणूस बघायला आलाय. त्याला दहा मिनिटं अडवलं, लांबून वळवलं, स्टेशन बंद ठेवलं, तरी त्याचं काय बिघडतं? फार तर दिवे कमी बघेल. आपला माणूस सहा बाराची पकडायला निघालेला असतो. त्याला फाटक लावून बघ. घरी पोरगं पाळणाघरात, उशीर झाला तर बोलणी. तो फाटकावरून उडी मारेल."

"मग उपाय?"

"रुंद जिने. जास्त जिने. दुसरं काही नाही. आम्ही लिहून देत होतो."

यावर मी वाद घातला, कारण मला तिथली शिस्त इतक्या सहज मोडीत काढायची नव्हती. म्हटलं, २०१४लाही हीच बघायला आलेलीच माणसं होती, तीही गेलीच. बाबा म्हणाले, गेली, कारण त्या दिवशी कुणी उभं नव्हतं. आणि हेही खरं, की एवढे जवान एका संध्याकाळसाठी रस्त्यावर आणणं ज्या सरकारला सोपं आहे, त्याला उद्या तेच जवान दुसऱ्या कुठल्या गर्दीपुढेही उभे करणं तितकंच सोपं. हे त्यांनी हळू आवाजात मराठीतच सांगितलं, तरी आईने त्यांची बाही ओढली.

पुलाच्या पलीकडे गर्दी एकदम विरळ झाली. ॲपवर गाडी बोलवायचा प्रयत्न केला, तर आमच्या पुढे शंभरावर लोक रांगेत. भाड्याच्या सायकली त्या भागात लावूच देत नव्हते, आणि आई-बाबांना सायकलवर बसवायचा विचारही हास्यास्पद. चालत चालत बारा नंबर लाइनच्या स्टेशनवर आलो. ही लाइन बंडच्या गर्दीला फारशी माहीत नसते, म्हणून मला ती आवडते. कुणी हा घोळ टाळून एक ऑक्टोबर बघायचाच म्हणत असेल तर त्याने याच बाजूने यावं, पूल ओलांडू नये, उत्तरेच्या काठावरून बघावं. दिवे तेच, आणि जरा तिरक्या कोनातून दोन्ही काठ दिसतात. मोकळे बाकही असतात. अर्थात मग फाटकं दिसत नाहीत, आणि आमच्या घरातल्या एका माणसाला त्यासाठीच यायचं होतं.

फलाटावर आई एकदाची बसली. चपला काढून पाय मोकळे केले. दोन स्टेशनांवर दालियन रोडला उतरून चार नंबरची गाडी, मग घर. चार नंबर ही शहराला गोल फिरणारी लाइन आहे हे ऐकून बाबांनी नकाशा पुन्हा उलगडला. मी फोनवर बातम्या चाळत होते. त्या एका दिवसात चीनच्या रेल्वेने दोन कोटींहून जास्त माणसं वाहिली होती. मी आकडा वाचून दाखवला. बाबांनी तो दोनदा वाचायला लावला.

"ती मोठी स्टेशनं असतील ना इथेच कुठे?"

"होंगछियाओ. तीस रूळ आहेत. सोळा फलाट."

"उद्या दसरा," आई म्हणाली. "उद्या घरी पूजा. उद्या कुठेही जायचं नाही."

"सकाळी पूजा. दुपारी जाऊ," बाबा म्हणाले. "सीमोल्लंघन करायचंच असतं दसऱ्याला."

आईने माझ्याकडे बघितलं. "तिथे बसायला आहे का, ते आधी विचार."